पोरींच्या पोटावरचा नवस

“फळा पुसायच्या आधी पोरींची तोंडं बघत जाय, आशा. जिचे ओठ वाळलेत तिला अक्षर दिसत न्हाई. तिला आधी पाणी दे, मंग बाराखडी.”

उकंडराव देवाघरी गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. पण शाळेच्या दारात पाऊल टाकलं की सासऱ्यांचा तो खर्जातला आवाज आशाबाईच्या कानाशी येऊन उभा राही. ती नवी नवरी म्हणून हिंगोलीला आली तेव्हा शाळा म्हणजे जुन्या छावणीतल्या घोड्यांच्या पागेत अंथरलेल्या चटया होत्या. गोरी पलटण कधीच निघून गेली होती, पागा ओस पडली होती, आणि मिशनने ती मागून घेतली होती. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत होत्या. पोरी त्यांना दप्तरं अडकवत.

त्या शुक्रवारी सकाळी तिने फळा पुसलाच नाही. हातातलं फडकं तसंच धरून ती चटईवरची तोंडं बघत राहिली. गावातून येणाऱ्या पोरी नेहमीसारख्या चुळबुळत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मिशनच्या बोर्डिंगात राहणाऱ्या पोरी मात्र भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, चुलीपुढे मांजरं बसतात तशा, मुकाट. ओठांवर पांढरी साल धरली होती. चतुरा, जी एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करी, ती डोळे मिटून जिभेने ओठ चाटत होती, आणि जीभही कोरडीच होती.

आशाबाईला कारण ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बंडू परत आला होता. सासूबाई नर्मदाबाईंचा धाकटा मुलगा, आशाबाईचा दीर. पलटणीच्या दवाखान्यात कामाला म्हणून मलायात गेला आणि तिथेच जपान्यांच्या हाती सापडला. सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला माती दिली होती, एका आईने सोडून. नर्मदाबाई रोज संध्याकाळी मारियामातेच्या तसबिरीपुढे उभ्या राहून मोठ्याने बोलत, शेजारणीशी बोलावं तसं. तिथेच त्यांनी नवस केला होता: माझा बंडू जिता परत आला, तर बोर्डिंगची माझी सगळी लेकरं चाळीस दिवस एक वेळ जेवतील, आणि दिवा लागेपर्यंत पाण्याला शिवणार नाहीत. मोठ्यांचा उपास देव तपासून घेतो, लेकराचा उपास तसाच उचलतो, असं त्यांचं म्हणणं. पोरींवर त्यांचा जीव होता. नवऱ्यामागे इतकी वर्षं त्यांनीच बोर्डिंगची चूल सांभाळली होती, खरजेच्या पोरींना मांडीवर घेऊन कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं होतं. जे आपलं सगळ्यात लाडकं, तेच त्यांनी देवाला लावलं होतं.

गेल्या आठवड्यात बंडू हिंगोलीच्या स्टेशनावर उतरला. दुसऱ्या दिवशी नवस सुरू झाला. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालूच होता, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. पहिल्या दिवशी आशाबाई हळूच म्हणाली होती, “आत्याबाई, पोरी लहान हायेत.” त्यावर नर्मदाबाई हसून म्हणाल्या होत्या, “म्हणूनच तर.”

आणि आशाबाई गप्प राहिली होती. ती मुळातच कमी बोलणारी. पहाटेची जपमाळ, शुक्रवारचा स्वतःचा निरंकार उपास, संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक प्रार्थना, हे तिचं व्रत तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवस म्हणजे काय हे तिला कळत होतं. म्हणूनच सासूला थांबवायला तिला इतके दिवस शब्द सापडले नव्हते.

दुपारी क्रूसाच्या वाटेची भक्ती होती, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा ठिकाणी थांबून करायची. बंडूच्या येण्यानिमित्त सोयरे जमले होते. जवळा बाजारहून नणंद गंगूताई आल्या होत्या, आजूबाजूच्या वाड्यांवरची ख्रिस्ती मंडळी आली होती. फादर कळमनुरीकडे फिरतीवर होते, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत काही परतणार नव्हते. ते नसले की उकंडरावांच्या घराचाच शब्द चाले. पागेमागच्या कडुलिंबाच्या झाडांना तातेरावाने, आशाबाईच्या नवऱ्याने, आपल्या हातांनी घडवलेले क्रूस बांधले होते. पुढे नर्मदाबाई, मागे अनवाणी पोरी, त्यांच्यामागे बायामाणसं. मार्चचं ऊन लिंबाच्या विरळ पाल्यातून सरळ डोक्यावर येत होतं. शेजारच्या शेतात हळद शिजवत होते, तिचा उग्र वास नाकात बसत होता.

तिसऱ्या क्रूसापाशी सगळे गुडघ्यांवर बसले. येशू क्रूसाच्या ओझ्याखाली पहिल्यांदा पडतो ते ठिकाण. नर्मदाबाईंनी प्रार्थना म्हटली, सगळे उठले, आणि चतुरा उठता उठता तिथेच कोसळली. आवाजही झाला नाही. परकराचा घोळ मातीवर पसरला तेवढाच.

मग गंगूताईंनी हात जोडले.

“बघा गं बायानो,” त्या भरल्या गळ्याने म्हणाल्या, “देव पडला तितंच पोरगी पडली. केवढं पुण्य म्हणावं.”

मागच्या बायांतून हुंकार उठला. एकीने पुढे होऊन चतुराच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. दुसरीने आपलं तान्हं पुढे केलं, लेकराचं डोकं तिच्या पावलांना टेकवायला.

आशाबाई त्या गर्दीतून वाट काढत गेली. तिने चतुराचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीचे डोळे वर गेले होते, कपाळ तापलेलं, घाम नावाला नव्हता. “पाणी आणा,” आशाबाई म्हणाली. कुणी हललं नाही म्हणून तिने जवळच्या पोरीला सांगितलं, “जा गं, रांजणातलं तांब्याभर आण.”

“आशे,” वरून नर्मदाबाईंचा आवाज आला. रागाचा नव्हता, समजावणीचा होता. “दिवा लागला न्हाई अजून. पोरगी सुदीवर येईल आपोआप. तिचा उपास मोडू नको. इतकं दिस धरलेलं वाया जाईल तिचं.”

तांब्या आला. आशाबाईने पदराचं टोक भिजवून चतुराच्या ओठांवर धरलं. पोरीने बेशुद्धीतच ते टोक तोंडात ओढून चोखायला सुरुवात केली, तान्ह्या लेकरासारखी. आशाबाईने तांब्या तिच्या तोंडाला लावला.

“मोडला,” गंगूताई म्हणाल्या.

“व्हय,” आशाबाई म्हणाली. “मोडला.”

तिने पोरीला खांद्यावर घेतलं आणि चौथ्या क्रूसाकडे न जाता पागेकडे चालू लागली. भक्ती पुढे चालू राहिली, पण सूर आता फाटला होता.

भक्ती आटोपून सगळे घरच्या ओसरीवर आले. सोयऱ्यांना अंगणात लिंबाखाली घोंगड्या टाकून दिल्या होत्या. ओसरीवर फक्त घरचे. नर्मदाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, कमरेला कोठीच्या किल्ल्या. तातेराव पायरीवर सुतारकामाच्या रंध्याला धार लावत बसला होता. घरात तंटा सुरू झाला की त्याला कसली तरी धार लावायची असे. बंडू भिंतीकडे तोंड करून पडला होता. आल्यापासून तो दिवसभर तसाच पडून राही आणि जेवणाला हाक मारली की सगळ्यांच्या आधी पाटावर येऊन बसे. ताटातली अर्धी भाकरी तो सदऱ्याच्या खिशात घालतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

“पोरगी कशी हाय?” तातेरावाने न बघता विचारलं.

“निजलीय,” आशाबाई उंबऱ्यात उभी होती. “आत्याबाई, आता चूल पेटवायची हाय. कोठी उघडून द्या. सगळ्या पोरींना भाकरी आन् वरण करते.”

“संध्याकाळी करू की. आजपात्तर काय मी उपाशी ठेवलं त्यांना?”

“आत्ताच.”

गंगूताईंनी सुपारी फोडायची थांबवली. “काय गं आशा, शाळा शिकवता शिकवता सासूला शिकवाया लागलीस? आमचं काय, आमी जवळा बाजारची अडाणी मान्सं. पण आईच्या तोंडाला तोंड द्यायची रीत आमच्याकडं तरी न्हाई बाई.”

“तोंडाला तोंड देत न्हाई, ताई. चूल पेटवू द्या म्हणते.”

“पेटव की, दिवा लागल्यावर,” नर्मदाबाई म्हणाल्या. “मी फादरला इचारून केलंय. फादर, नवस फेडू का म्हनलं. फेडा म्हनले.”

“पोरींच्या पोटानं फेडते, असं सांगितलं होतं?”

हे त्यांना सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्यांच्या लेखी पोरी आणि आपण वेगळ्या नव्हत्याच.

“सांगायचं काय त्यात,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्याच हायेत त्या. कुनाच्या आया चार वर्सांत दोनदा तोंड दाखवून गेल्या. केस कोन इंचरतं? रातच्याला खोकल्या तर उठून कोन बसतं? आन् माझं पोरगं तिकडं मरणाच्या दारात व्हतं, तवा त्यांनीच हात जोडले न्हाईत का माझ्यासंगं?”

“जोडले,” आशाबाई म्हणाली. “म्हणूनच त्यांचं देणं लागतो आपण. तुमी त्यांच्याकडूनच वसूल करून राहिला.”

तातेरावाचा हात थांबला. “आशा, जरा दमानं.”

“दमानंच बोलते. आत्याबाई, तुमीच सांगता ना ती गोष्ट. तुमाला देवी आल्या होत्या लहानपणी, तुमच्या आईनं नवस बोलला होता. बऱ्या झाल्यावर काय केलं आईनं?”

नर्मदाबाईंनी मान वळवली. “त्ये कशाला आता.”

“सांगा की.”

“गावातल्या कुमारिका बोलावल्या. पुरनाच्या पोळ्या घातल्या.” मग त्या एकदम सरळ बसल्या. “पर त्ये देवीचं व्हतं, आशे. आमी त्ये सोडून आलो. तुझ्या सासऱ्यानं भावकी सोडली, पानी तोडून घेतलं, चार कोस लांबून घागर आनली मी. आता तू मला मागं नेऊन राहिली व्हय? पोरी जेवू घालून देव राजी व्हतो, ही जुनी खोड हाय. येशू चाळीस दिस उपाशी व्हता, ह्ये आमाला फादरनं शिकवलं.”

“देवी सोडली, बरोबर हाय. पोरींना जेवू घालणं काहून सोडलं?” आशाबाईचा आवाज अजूनही हळूच होता, पण ओसरीवरच्या प्रत्येकाला तो ऐकू येत होता. “येशू उपाशी होता तो स्वतःच्या पोटानं. दुसऱ्याच्या लेकरांना रानात नेऊन त्यानं उपाशी ठेवलं न्हाई. रानात मान्सं होती तवा त्यानं वाढलंच. नवस मला कळतो, आत्याबाई. मी पण शुक्रवार धरते. आज पण धरलाय. पण माझा उपास मी चतुराच्या पोटात घालत न्हाई.”

गंगूताई उठल्या. “आई, हिच्याशी काय बोलतीस. किल्ली कमरेला हाय नव्हं? बास.”

“किल्ली हाय,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला. “आन् ऐकून ठेव, सूनबाई. नवस मोडून चूल पेटवलीस तर त्या चुलीवरचं मी खानार न्हाई. तुझ्या हातचं पानी घेनार न्हाई. मेले तर माझ्या पेटीला खांदा तुझ्या मानसानं द्यावा, तू मागं चालायचं न्हाई.”

अंगणातले सोयरे ऐकत होते. कुणीतरी खोकलं.

आशाबाईने पदर डोक्यावरून नीट घेतला. “बरं,” ती म्हणाली. “न चालले तर न चालले.”

आणि ती घरातला पिठाचा डबा उचलून, ओसरी उतरून बोर्डिंगच्या स्वयंपाकघराकडे गेली.

स्वयंपाकघर पागेच्या टोकाला होतं आणि त्याला लागून कोठी. दाराला भलंमोठं कुलूप. आशाबाईने घरून आणलेलं पीठ परातीत ओतलं. ते तिच्या दोन दिवसांच्या भाकऱ्यांचं होतं, इतक्या पोरींना ते कुठे पुरणार. डाळ, तेल, मीठ सगळं आत. ती कुलपाकडे बघत उभी राहिली. मुसळ घालून कडी तोडता येईल का, असा विचार करत असताना मागे पावलं वाजली.

तातेराव होता. हातात पटाशी आणि लाकडी हातोडा.

“तोडू नको,” तो म्हणाला.

“मला आत जायचंय.”

“कळलं गं. पर कुलूप आईचं हाय. त्याला मी हात लावणार न्हाई.” त्याने दाराच्या दुसऱ्या बाजूला, चौकटीपाशी बैठक मारली आणि बिजागरीच्या खिळीखाली पटाशी सरकवली. “दार मी बसवलेलं हाय. ते काढायचा मला अधिकार हाय.”

हातोड्याचे ठोके पडू लागले. अंगणात सगळ्यांच्या माना वळल्या. खिळी वर येऊ लागली. तातेरावाच्या कपाळावर घाम आला. तो आयुष्यात कधी आईच्या विरुद्ध गेला नव्हता. लग्नात आशाबाईच्या माहेरच्यांचा मान राहिला नाही तेव्हाही हा पटाशीला धार लावत बसला होता, आणि ते आशाबाई अजून विसरली नव्हती.

“आत्याबाई काय म्हणतील?” तिने विचारलं.

“म्हनल ते म्हनल.” त्याने शेवटची खिळी काढून दार खांद्याने पेललं आणि कुलपासकट, कडीसकट भिंतीला टेकवून ठेवलं. “लवकर कर. पोरींना भूक लागली असल.”

डाळीचं मडकं उचलताना तिचा हात त्याच्या हाताला लागला, तेवढंच.

चूल पेटली. धूर पागेवरून वर गेला, भर दुपारी, उपवासकाळात, सगळ्या सोयऱ्यांच्या डोळ्यांदेखत. आशाबाई भाकरी थापत गेली, तातेराव चुलीत लाकडं सारत गेला. वरणाला लसणाची फोडणी बसली तेव्हा अंगणातली तान्ही रडायला लागली.

तिने पत्रावळी मांडल्या. पोरींना हाक मारली.

पोरी आल्या, पण दारातच थांबल्या. एकीनेही आत पाऊल टाकलं नाही. वास त्यांच्या नाकात जात होता, नाकपुड्या हलत होत्या, आणि तरी त्या उंबऱ्याला चिकटून उभ्या.

“बसा गं,” आशाबाई म्हणाली. “काय झालं?”

शेवटी चतुरा, जी भिंत धरून आली होती, म्हणाली, “आमी न्हाई खानार, बाई.”

“काहून?”

“आजी म्हणल्या, नवस मोडला तर बंडूकाका मरतील. देव दिलेलं मागं घेतो.”

बाकीच्या पोरींनी माना हलवल्या. एक लहानगी रडायला लागली. “आमच्यामुळं मरतील,” ती म्हणाली.

आशाबाईची तव्यावरची भाकरी करपली. आजवर ती भुकेशी भांडत होती. ही दुसरीच गोष्ट होती. देवाच्या नावाने सांगितलेली भीती पोरींच्या आत जाऊन बसली होती. तिने कितीही समजावलं तरी ती बाईंची समजूत, आणि तो आजीचा शब्द.

ती बाहेर आली. ओसरीवर नर्मदाबाई तशाच खांबाला टेकून होत्या. गंगूताई त्यांच्या पायाशी. आशाबाई त्यांच्याकडे गेलीच नाही. ती सरळ बंडूच्या अंथरुणापाशी गेली.

“भाऊजी, उठा.”

बंडू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “वैनी, मला यात ओढू नका.”

“तुमच्यापायीच चाललंय सगळं. तुमी न्हाई तर कोण.”

“आईनं लई सोसलंय. तिचं मन मोडायला मी परत आलो का?”

“पोरी जेवत न्हाईत. तुमी मरताल म्हणून.”

बंडू वळला. त्याचं तोंड अजून माणसाचं झालं नव्हतं, गालाची हाडं कातडीतून वर आलेली. तो तिच्याकडे बघत राहिला.

“कोन मरल म्हणून?”

“तुमी. त्यांनी घास घेतला तर.”

मग त्याने हळूच खिशात हात घातला आणि सकाळच्या भाकरीचा वाळका तुकडा काढला. “कैदेत एक जण व्हता,” तो म्हणाला, “माझ्या शेजारी निजायचा. पंजाबचा. आजारी होता. तो आपली मूठभर खिचडी मला देत व्हता. म्हणायचा, तू जग, मी काय जगत न्हाई. मी खाल्ली.” त्याने तो तुकडा पुन्हा खिशात ठेवला. “रोज खाल्ली.”

नर्मदाबाई ऐकत होत्या. त्यांनी हे आधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

बंडू उठला. भिंतीचा आधार घेत ओसरी उतरला आणि लिंबाखालच्या सगळ्या सोयऱ्यांमधून चालत स्वयंपाकघराकडे गेला. आशाबाई मागे. पोरी बाजूला झाल्या. तो आत गेला आणि पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसला.

“वाढा, वैनी.”

तिने भाकरी वाढली, वरण वाढलं. त्याने शेजारच्या पत्रावळीवर हात आपटला. “इथं कोन बसणार? ये गं, तुझं नाव काय? चतुरा? बस. मी एकदा जेवायला लागलो की कुणासाठी थांबत न्हाई, आधीच सांगून ठेवतो.”

चतुरा उंबऱ्यातच. “पर काका, तुमी…”

“मी काय? जिता हाय ना? बघ.” त्याने घास मोडला. “तू पहिला घास घे. मी तुझ्याकडं बघतो. मेलो तर आजीला सांग, तुझं बराबर व्हतं.”

मागे एक पोरगी खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. चतुरा येऊन बसली. तिने घास उचलला, डोळे घट्ट मिटले आणि तोंडात घातला. चावला. एक डोळा उघडून बंडूकडे पाहिलं. बंडू वरण भुरकत होता.

“मीठ कमी हाय,” तो म्हणाला.

मग त्या सगळ्याच आल्या. पहिली काही मिनिटं फक्त भाकरी मोडल्याचा आवाज होता. आशाबाई वाढत होती, तिचा स्वतःचा शुक्रवार चालू होता.

दारात सावली आली. नर्मदाबाई. त्यांनी भिंतीला टेकवलेलं दार पाहिलं, त्याला तसंच लटकणारं कुलूप पाहिलं, चुलीपाशी बसलेला थोरला पाहिला, पंगतीत बसलेला धाकटा पाहिला. आत मात्र आल्या नाहीत.

“झालं मनासारखं?” त्या आशाबाईला म्हणाल्या.

“अजून भाकऱ्या लागतील.”

“पोरींचे उरलेले उपास मी एकटी धरीन. सगळ्यांचे. माझ्या अंगावर घेते. देवाला मी शब्द दिलाय, तू न्हाई.”

“धरा,” आशाबाई म्हणाली. “तुमच्या पोटानं धरा, मी अडवणार न्हाई. पण मधी मधी पाणी आणून ठेवत जाईन उशाशी. घ्यायचं न घ्यायचं तुमच्या हाती.”

“तुझ्या हातचं घेनार न्हाई, म्हनलं ना.”

“मग तिथंच राहील.”

नर्मदाबाई गेल्या. त्यांची पाठ ताठ होती. बंडूने ताटातून मान वर केली नाही, पण त्याचा घास हातातच राहिला होता.

संध्याकाळी आशाबाई चतुराच्या अंथरुणापाशी बसली. पोरीला रंग आला होता. सोयऱ्यांची पांगापांग सुरू झाली होती. काही जण निघताना आशाबाईकडे न बघता गेले, आणि एक म्हातारी मात्र जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

“बाई,” चतुरा म्हणाली, “आता आईचा पण सुटल ना?”

“काय सुटल?”

“उपास. मंगळवारी बाजाराला आली व्हती ना माझी आई, तवा आजीनं तिला सांगितलं. आई-लेकीनं दोघींनी धरला तर लवकर पोचतो. आईनं पण धरला.” ती थोडी थांबली. “तान्हं हाय तिच्यापाशी. दूध पीत असतंय अजून.”

आशाबाईने डोळे मिटले. जिवनबाई तिला आठवली, संतरामची बायको, सेनगावच्या वाटेवरच्या वाडीतली. बाजारात टोपली डोक्यावर, झोळीत लेकरू. सांगितलेलं पाळणारी बाई. नवरा सालगडी, मालकाच्या वावरात राबणारा, त्याला घरात कोण जेवलं कोण नाही हे पाहायलाही सवड नसणार.

“आई मला म्हणली, तू धरून राहिलीस तवर मी पण सोडणार न्हाई,” चतुरा म्हणाली. “बाई, मी तर सोडला. तिला कोन सांगल?”

“मी सांगते.”

“कवा?”

“उद्या. उद्या जाते मी.”

“खरंच?”

“खरंच.”

सकाळी शाळेला शनिवारची सुट्टी होती. उजाडायच्या आत आशाबाईची जपमाळ झाली. शुक्रवारचा उपास तिने घोटभर ताकावर सोडला, दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि चपला घातल्या. तातेराव म्हणाला, “गाडी जुंपतो, थांब,” तर ती म्हणाली, “बैल पाणी भरायला लागतील. तुमी पोरींच्या न्याहारीचं सामान बाहेर काढा आन् मग दार बसवा, कोठी उघडी पडलीय.”

“चूल कोन पेटवल?”

त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून आलं. धुराने खोकत, कुणाशी तरी भांडल्यासारख्या आवाजात गंगूताई म्हणत होत्या, “ओली लाकडं कोन भरतं गं चुलीत? जवळा बाजारला असं न्हाई चालत.” चुलीपाशी त्या कधी गेल्या, कुणी सांगितलं, हे आशाबाईने विचारलं नाही.

ओसरीवर नर्मदाबाई बसल्या होत्या. हातात माळ. उशाशी रात्री ठेवलेला तांब्या तसाच भरलेला.

“कुठं चाललीस?”

“जिवनबाईकडं. वाडीवर.”

नर्मदाबाईंच्या बोटांतली माळ थांबली. त्यांना समजलं. मंगळवारचा बाजार, टोपली, झोळीतलं लेकरू, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, कारण त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या म्हणाल्या,

“तुझं ऐकायची न्हाई ती. माझ्या शब्दावर धरलाय तिनं.”

“माहीत हाय.”

“मंग?”

“ऐकेपर्यंत बसते तिच्या दारात.”

तिने पदर डोक्यावर घेतला, फडकं काखेत मारलं आणि छावणीच्या फाटकातून बाहेर पडून सेनगावच्या वाटेला लागली. ऊन अजून चढायचं होतं.